मदत हवी आहे: जोडप्याच्या नोंदी, फाइल एक की तीन?

जोडप्यांची समुपदेशनाची एकत्र सत्रं घेते, अधूनमधून प्रत्येकाचं स्वतंत्र सत्रही. टिपण त्याच दिवशी लिहिते: क्लायंटचं म्हणणं, माझं निरीक्षण, मूल्यमापन, पुढची दिशा.

आधी एकच फाइल ठेवली. पण एकाने प्रत मागितली, की दुसऱ्याने एकट्याने सांगितलेलंही त्यात येतं. नावं आणि वाक्यं काळी केली तरी संदर्भावरून ओळखू येतं. म्हणून आता तीन फाइली: एक संयुक्त, दोन वैयक्तिक. अडचण इथे आहे. आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण अशा जोखमीच्या नोंदी वैयक्तिक फाइलमध्ये राहतात आणि एकत्र सत्राआधी फक्त संयुक्त फाइल चाळली तर नजरेतून सुटतात. मला हे प्रत देण्याच्या प्रश्नापेक्षाही गंभीर वाटतं.

संमतीपत्रात 'स्वतंत्र सत्रातलं एकत्र सत्रात आणलं जाऊ शकतं' हे कलम आहे, पण मारहाणीच्या बाबतीत ते वापरत नाही. सांगणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकतं. फाइली कागदी, कुलपात आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअर नको.

संयुक्त फाइलवर अशी कोणती खूण करता, जी सत्राआधी तुम्हाला वैयक्तिक फाइल उघडायला लावेल, पण प्रत वाचणाऱ्या जोडीदाराला काहीच सुचवणार नाही?