मदत हवी आहे: पिकअपचे मागचे पाटे कंपनीचे बसवावेत की बाहेरून वाढवून घ्यावेत?

कादवाकाठ:

सर्व जाणकारांना नमस्कार. पिकअपच्या मागच्या पाट्यांविषयी (लीफ स्प्रिंगविषयी) निर्णय घ्यायचा आहे आणि द्राक्षांचा हंगाम तोंडावर आल्यामुळे हाताशी फार वेळ नाही. म्हणून परिस्थिती शक्य तितक्या तपशिलाने मांडतो.

माझी निफाड तालुक्यात साडेचार एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. गाडी सहा वर्षांची आहे. आरसी बुकावर तिचे भारासहित वजन ३,४९० किलो आणि रिकामे वजन १,७९० किलो नोंदलेले आहे, म्हणजे तिच्यात १,७०० किलो माल भरता येतो. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत ती द्राक्षे घेऊन पिंपळगाव बसवंतला आणि आठवड्यातून एकदा कसारा घाट उतरून वाशीच्या फळबाजारात जाते. द्राक्षांची कॅरेट एकावर एक किती रचायची याला मर्यादा असते, त्यामुळे हौदा भरलेला दिसला तरी वजन ९०० किलोंच्या आसपासच राहते. उरलेल्या दिवसांत तीच गाडी खते, शेणखत, बांबू आणि लासलगावच्या लिलावाला खुला कांदा वाहते. बाजार समितीत गाडी काट्यावर चढत असल्याने कांद्याचे वजन मला पावतीवरून नेमके माहीत आहे. मागच्या वर्षीच्या अकरा पावत्यांपैकी सात १,७०० किलोंच्या आत आहेत आणि उरलेल्या चार खेपांना मी २,१०० किलोंपर्यंत माल भरला होता. ती माझी चूक आहे, आणि ती लपवून सल्ला मागितला तर मिळणारा सल्लाही चुकीचाच असेल.

मागच्या डिसेंबरात कांदा उतरवून रिकामी गाडी घेऊन परत येत असताना, आमच्या शिवाररस्त्यावर डाव्या मागच्या चाकाकडून ठण्ण असा आवाज आला आणि गाडी त्या बाजूला किंचित कलली. खाली वाकून पाहिले तर वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकातून तुटलेला होता. तो तुकडा मी जपून ठेवला आहे. तुटलेल्या तोंडाचा साधारण दोन तृतीयांश भाग गंजून काळपट तपकिरी झालेला आहे आणि उरलेला भाग चकचकीत व दाणेदार आहे. चीर बरीच आधी पडली होती आणि शेवटचा हिस्सा त्या दिवशी सुटला, असा मी त्याचा अर्थ लावतो.

हंगाम जवळ असल्याने मी तालुक्यातल्या एका मिस्त्रीकडून तुटलेला पाटा बदलून घेतला आणि त्यांच्याच सांगण्यावरून दोन्ही बाजूंच्या मुख्य संचात दोन-दोन जाड पाटे वाढवून घेतले. मूळ संचात ८ मिलिमीटरचे पाच पाटे आणि वर एक हेल्पर पाटा होता. वाढवलेले पाटे १० मिलिमीटरचे आहेत. कांद्याच्या खेपांना गाडी मागून अजिबात बसली नाही, त्यामुळे पैसे सत्कारणी लागले असे मला वाटले.

द्राक्षांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली. वाशीला पहिल्याच खेपेला मागच्या फळीजवळची कॅरेट उघडली तेव्हा तळाशी सुट्या मण्यांचा थर होता. त्यातल्या एका कॅरेटमधले सुटे मणी वेगळे काढून तोलले तर पावणेदोन किलो भरले. केबिनमागच्या कॅरेटमध्ये ते अर्धा किलोही नव्हते. मणी ओढला जाऊन सुटतो तेव्हा त्याच्या आतली ओली शीर देठाच्या टोकाला तशीच लटकत राहते आणि मण्याला उघडे तोंड पडते. त्यातून गळालेल्या रसाने खालचे चांगले घडही चिकट होतात आणि मण्यांवरचा पांढरा मेणचट थर पुसला जातो. व्यापाऱ्याने त्या रांगेचा दर पाडला आणि माल पाहिल्यावर मला त्याला दोष देता आला नाही. वर्षभर डोळ्यांत तेल घालून वाढवलेला घड शेवटच्या काही तासांच्या प्रवासात असा खराब झालेला पाहणे फार जिवावर येते.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचे नाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जाते आणि मागची चाके ब्रेक पुरेसा धरत नाहीत असे जाणवते. ब्रेकचे लायनर नवे आहेत आणि ऑइलची पातळीही बरोबर आहे.

आता माझ्यासमोर तीन मार्ग आहेत. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचे म्हणणे असे की बाहेरचे सगळे पाटे काढून याच गाडीच्या जास्त क्षमतेच्या मॉडेलचा पूर्ण संच बसवावा. त्याचा खर्च मिस्त्रीच्या कामाच्या साधारण तिप्पट सांगितला आहे. मिस्त्रींचे म्हणणे असे की नवे पाटे रुळायला वर्ष लागते, तोवर धीर धरावा. आणि एका ओळखीच्या वाहतूकदाराने मूळ पाटे ठेवून अॅक्सल आणि चासी यांच्यामध्ये हवेचे फुगे बसवण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे कांद्याला हवा भरायची आणि द्राक्षांना कमी करायची.

द्राक्षे आणि कांदा दोन्ही वाहणाऱ्या एकाच गाडीसाठी यांपैकी कोणता मार्ग योग्य ठरेल? आणि घाटातल्या ब्रेकचा या पाट्यांशी संबंध असू शकतो का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

पाटेवाला_अंबड:

भाऊ, नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत पाट्यांच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत. आपण तुटलेल्या तोंडाचे वर्णन दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. मात्र सुरुवात आपल्या प्रश्नाच्या थोडी अलीकडून करावी लागेल.

पाटा केवळ भाराने थकतो तेव्हा तो कुठेही चिरू शकतो. सेंटर बोल्टच्या भोकातून चिरला असेल तर सर्वांत आधी यू-बोल्टकडे पाहावे. यू-बोल्टने पाट्यांचा संच अॅक्सलवर घट्ट आवळलेला असतो तोपर्यंत भोकाजवळचा भाग वाकतच नाही. नट ढिले झाले की वाकण्याचा सगळा ताण नेमका त्या भोकावर येतो, आणि भोकामुळे पाटा तिथेच सर्वांत कमजोर असतो. २,१०० किलोंनी त्यात भर घातली असणार, परंतु यू-बोल्ट ढिले असतील तर पाटे कंपनीचे असोत की बाहेरचे, नवा संचही तिथेच तुटेल. आपल्या मिस्त्रींनी जुनेच यू-बोल्ट पुन्हा वापरले होते का, हे आठवून पाहा. ते एकदा ताणले गेले की त्यांची पकड पहिल्यासारखी राहत नाही, म्हणून संच उघडला की यू-बोल्ट नवेच घालावेत.

आता कडकपणाचा हिशेब. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा घेतला तर जाडी पंचवीस टक्केच वाढते, पण कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे आपले दोन जाड पाटे मूळच्या चार पाट्यांइतके काम करतात आणि पाचाच्या संचाचा कडकपणा अदमासे पावणेदोन पट झाला आहे. पाटे वर्षभराने रुळतील हे म्हणणे निम्मेच खरे आहे. त्यांची कमान थोडी उतरेल आणि गाडी थोडी खाली येईल, परंतु जाडी तीच राहणार असल्याने कडकपणा कमी होणार नाही.

वाढवलेला पाटा कुठे घातला यालाही तितकेच महत्त्व आहे. मूळ रचनेत मुख्य संच मऊ असतो आणि हेल्पर पाटा भार वाढल्यावरच टेकून कामाला लागतो, त्यामुळे हलक्या मालाला मऊ चाल मिळते आणि जड मालाला आधार मिळतो. आपल्याकडे पाटे मुख्य संचात घातले गेले, त्यामुळे गाडी पहिल्या किलोपासूनच कडक झाली आहे आणि ९०० किलोंना हेल्परपर्यंत बहुधा पोचतच नाही. मागच्या अॅक्सलच्या पुढे-मागे दणका सारखा नसतो. अॅक्सलच्या मागे लोंबणाऱ्या हौद्याच्या टोकाला तो सर्वांत जास्त बसतो, म्हणून मणी त्याच रांगेत गळाले.

ब्रेकचा संबंध नक्की असू शकतो. गाडीखाली जाऊन पाहा: अॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली दिसली, तर तो एलएसपीव्ही व्हॉल्व्ह आहे. गाडी मागून किती बसली आहे यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला त्याप्रमाणे दाब देतो. पाटे वाढवून गाडी उंच राहिली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, तो मागचा दाब कमीच ठेवतो आणि घाटात सगळे काम पुढच्या ब्रेकवर पडते. ही दांडी अंदाजाने वाकवून जुळवू नये. तिचे माप कंपनीच्या पुस्तकातले असते.

माझे मत असे: आपल्या मॉडेलचाच मूळ संच बसवावा, जास्त क्षमतेच्या मॉडेलचा नको. आपला माल बहुतेक दिवस १,७०० च्या आत किंवा त्याहून बराच हलका आहे. पाटे कितीही वाढवले तरी आरसीवरचे वजन वाढत नाही. टायर, अॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांचा प्रश्न कलम ५२ खाली वेगळा येतो. पासिंगच्या वेळी आणि दुर्दैवाने विम्याचा दावा करायची वेळ आली तर असे बदल अडचणीचे ठरतात.

वणी_वाहतूक:

हवेच्या फुग्यांविषयी माझा अनुभव सांगतो, कारण गिरणारे भागातून टोमॅटो वाहण्यासाठी मी ते तीन वर्षे वापरले. ते उपयोगी आहेत, पण दोन अटींवर. दोन्ही फुग्यांच्या नळ्या स्वतंत्र असाव्यात. एकच नळी जोडली तर वळणावर बाहेरच्या फुग्यातली हवा आतल्या फुग्यात जाते आणि गाडी जास्तच झुकते. दुसरे म्हणजे रिकाम्या गाडीतही त्यात थोडी हवा ठेवावी लागते, नाहीतर रबराची घडी चेपून फाटते. शिवाररस्त्यावरचे दगड आणि चिखल त्यांना सोसत नाहीत. शिवाय फुगा चासीच्या एकाच ठिकाणी भार देतो, तिथे माझ्या गाडीच्या ब्रॅकेटला चीर पडली होती. आणि गाडी हवेने उचलली की वर सांगितलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह तसाच फसतो, हे मला आज समजले. आपल्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

कादवाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. काल दिवसभर याच कामात होतो, म्हणून जे आढळले ते इथे नोंदवतो.

मिस्त्रींना विचारले, त्यांनी जुनेच यू-बोल्ट वापरले होते. टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लावला तेव्हा डाव्या बाजूच्या चार नटांपैकी दोन नट ठरलेल्या मापाच्या बरेच आधी फिरले आणि उजवीकडचा एक फिरला. डाव्या अॅक्सलच्या बैठकीवर पाटा घासून गुळगुळीत चकाकी आलेली आहे, म्हणजे पाट्यांचा संच तिथे सरकत होता. शेजाऱ्यांकडे याच मॉडेलची, पाट्यांना हात न लावलेली गाडी आहे. दोन्ही गाड्या सिमेंटच्या सपाट खळ्यावर रिकाम्या उभ्या करून चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजले, तर माझी गाडी मागून ४८ मिलिमीटर उंच भरली. त्यांच्या गाडीत माझी ९०० किलोंची कॅरेट पाण्याने भरलेल्या कॅनांसह ठेवून पाहिली तेव्हा हेल्पर पाटा नुकताच टेकला; माझ्या गाडीत तेवढ्याच वजनाला हेल्पर आणि त्याच्या टेकणीमध्ये दोन बोटे सहज जात होती. व्हॉल्व्हची दांडीही सापडली. ती मूळ लांबीवरच आहे, म्हणजे उंची बदलल्यानंतर तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नाही.

त्यामुळे माझ्या मॉडेलचा मूळ संच, नवे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट यांची मागणी वर्कशॉपकडे नोंदवली आहे आणि दांडीचे माप तपासून देण्यास लेखी सांगितले आहे. वर्कशॉपच्या मंडळींना जड मॉडेलचा संच का नको हे समजावून सांगावे लागले, परंतु काट्याच्या पावत्या दाखवल्यावर त्यांनाही ते पटले. या वर्षी कांदा दोन खेपांत न्यायचा असे घरात ठरले आहे. एकच प्रश्न उरतो: मागचे शॉकॲब्सॉर्बर एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेले आहेत आणि डाव्याला तेलाचा ओलावा आहे. फक्त तोच बदलला तर चालेल का?

पाटेवाला_अंबड:

भाऊ, दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असला की मागची बाजू वळणावर आणि खड्ड्यात सारखी चालत नाही, आणि द्राक्षांना त्रास त्याचाच होतो. शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुशही याच वेळी पाहून घ्या, आणि त्यांचे नट गाडी जॅकवर लटकलेली असताना पक्के आवळू देऊ नका. गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळावेत, नाहीतर बुशचे रबर पिळलेले राहून लवकर फाटते. यू-बोल्ट सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्यावे लागतील. ते वाशीच्या पहिल्या खेपेआधी होईल असे पाहा, म्हणजे त्याआधी पिंपळगावच्या दोन-चार फेऱ्या झालेल्या असतील.