एव्हरेस्ट म्हणायचं सोडून सागरमाथा म्हणूया का?

आडवाट
परवा भाचीची चौथीची उजळणी घेत होतो. जगातलं सर्वात उंच शिखर कोणतं? तिने 'माउंट एव्हरेस्ट' म्हणून ठोकून दिलं आणि लगेच मलाच विचारलं, "मामा, एव्हरेस्ट म्हणजे काय?" कळसूबाई कोण ते तिला माहीत आहे. गेल्या वर्षी बारीतून शिड्या चढून देवीला नारळ ठेवून आलो होतो आम्ही. इथे मात्र सांगावं लागलं की बाई, हे एका साहेबाचं आडनाव आहे.

थोडक्यात हकीकत अशी. जॉर्ज एव्हरेस्ट १८३० ते १८४३ हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल होता. तो निवृत्त होऊन विलायतेला गेला. नंतर १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाटीवरच्या सहा ठाण्यांवरून 'शिखर १५' या नावाने नोंदलेल्या एका टोकाचे कोन घेतले गेले. आकडेमोड झाली, आणि १८५६ मध्ये पुढचा सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ याने उंची २९,००२ फूट असल्याचं जाहीर करून शिखराला आपल्या जुन्या साहेबाचं नाव देऊन टाकलं. स्थानिक नाव सापडत नाही, ही सबब. सापडणार कुठून? नेपाळ सर्व्हेवाल्यांना आत येऊ देत नव्हता. दीडशेहून जास्त किलोमीटरवरून दुर्बीण लावून बसलेल्या माणसाला डोंगर दिसेल, त्याचं नाव कसं ऐकू येणार?

म्हणून माझं मत, निदान मराठीत लिहिताना आपण 'सागरमाथा' लिहावं. नाव आपल्या कानाला आपलं वाटतं, शिवाय अर्थाने चपखल आहे. हिमालय टेथिस समुद्राच्या तळातून वर आला, या शिखराच्या अगदी माथ्यावरच्या चुनखडीत सागरी जिवांचे अवशेष आहेत. सागराचा माथा! याहून नेमकं नाव कोणतं असेल?

पावशेर
साहेबाचं नाव खुपतंय तर गाडीत डिझेल भरणंही सोडा. तेसुद्धा एका जर्मन माणसाचं आडनाव आहे. दिव्याचे वॅट, तारेतले व्होल्ट, सगळी माणसंच. कोणी विचारतं का, वॅट म्हणजे काय?

एव्हरेस्ट हा शब्द मराठीत कधीच मुरलाय. 'कर्तृत्वाचं एव्हरेस्ट गाठलं' असं सत्काराच्या भाषणात दर रविवारी ऐकू येतं. बाकी अर्ध्या महाराष्ट्राला तर डोंगराच्या आधी मसाल्याचं पाकीट आठवतं.

आणि नाव बदलून काय होतं ते माझ्या घरात पाहिलंय. आमचे आजोबा शेवटपर्यंत जगातल्या सर्वोच्च शिखराला 'गौरीशंकर' म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो.

त्रिकोणमिती
पावशेर, आजोबांना हसू नका, त्यांची चूक मोठ्या मोठ्या लोकांनी केली आहे. श्लागिनट्वाइट या जर्मन संशोधकाने १८५० च्या दशकात नेपाळातून दिसणारं एक देखणं शिखर म्हणजेच शिखर १५ असं ठरवलं, आणि त्याचं नाव गौरीशंकर. युरोपातल्या नकाशांत ते पुढे कितीतरी वर्षं तसंच छापत राहिले. १९०३ मध्ये कॅप्टन वुडने काठमांडूजवळच्या डोंगरावरून मोजणी करून दाखवलं की गौरीशंकर वेगळं आहे, जवळपास ५८ किलोमीटर अलीकडे. त्याची उंची ७१३४ मीटर. काठमांडूचा माजी रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) ब्रायन हॉजसन तर 'देवढुंगा' हे नाव पुढे करत होता. तेही टिकलं नाही.

आडवाट यांच्या सुरात एक गोष्ट मला पटली नाही. एव्हरेस्टसाहेबाची तुम्ही नुसता खुर्चीतला साहेब म्हणून बोळवण केलीत. मी ३१ वर्षं मोजणी खात्यात काढली, म्हणून हे लागतं. दक्षिणेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत त्रिकोणांची जी साखळी गेली, ती त्याने तापाने फणफणत पुरी केली. ज्या गणिती पृथ्वीगोलावर आपले टोपोशीट (सर्व्हेचे नकाशे) शंभराहून जास्त वर्षं काढले गेले त्याचं नाव 'एव्हरेस्ट स्फेरॉइड' आहे. ती साखळी नसती तर बिहारमधून घेतलेल्या कोनांना उभं राहायला जमीनच नव्हती.

गंमत पुढेच आहे. या नावाला पहिला जाहीर आक्षेप खुद्द एव्हरेस्टने घेतला! १८५७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे तो म्हणाला की हे नाव हिंदुस्थानातल्या लोकांना उच्चारता येणार नाही आणि हिंदी-फारसीत लिहिताही येणार नाही. प्रत्येक ठिकाणाचं तिथलंच नाव नोंदवायचं ही शिस्त सर्व्हेला त्यानेच लावली होती, आणि शिष्याने ती नेमकी गुरूवरच मोडली. सोसायटीने १८६५ मध्ये नाव मान्य केलं, पुढच्या वर्षी म्हातारा गेला. तो स्वतः आपलं आडनाव 'ईव्हरेस्ट' असं उच्चारायचा. म्हणजे हिंदुस्थानी लोकांचं जाऊ द्या, साहेबाच्या देशबांधवांनाच ते नीट म्हणता आलेलं नाही.

जय_शिवराय_९६
मुद्दा भरकटतोय. उंची काढली कोणी? राधानाथ सिकदर यांनी. श्रेय लाटलं कोणी? इंग्रजांनी. शिखराचं नाव 'सिकदर शिखर' असायला हवं. नेपाळी, तिबेटी वगैरे नंतर बघू.

त्रिकोणमिती
सिकदर यांच्यावर अन्याय झाला यात वाद नाही. एकोणिसाव्या वर्षी खात्यात लागलेला हा माणूस पुढे मुख्य गणक झाला. १८४३ मध्ये खात्याच्या मजुरांना वेठीला धरणाऱ्या गोऱ्या मॅजिस्ट्रेटशी भांडला आणि २०० रुपये दंड भरला. सर्व्हेच्या नियमपुस्तकातली गणिताची प्रकरणं त्याची, पण त्याच्या मृत्यूनंतर १८७५ साली निघालेल्या आवृत्तीतून त्याचं नाव गळलं. टपाल तिकीट निघायला २००४ उजाडलं.

पण 'सर, जगातलं सर्वोच्च शिखर सापडलं!' म्हणत तो धावत साहेबाच्या खोलीत शिरला, ही गोष्ट रचलेली आहे. तेव्हा तो कलकत्त्यात होता आणि वॉ डेहराडूनला. आणि समजा, सगळं श्रेय त्याचंच. तरी बाहेरून कोन घेणाऱ्या एका कचेरीतल्या साहेबाचं नाव काढून त्याच कचेरीतल्या बाबूचं ठेवणार. डोंगराखाली राहणाऱ्यांना काय फरक पडला?

नीरा
धागा वाचून राहवलं नाही. आडवाट, नाव 'सागरमाथा' नाहीच आहे. सगरमाथा आहे, 'स'ला काना नाही. मागच्या दसऱ्याला बेस कॅम्पला गेले होते. मोंजोला राष्ट्रीय उद्यानाच्या दारात देवनागरीतच पाटी आहे, मोठ्या अक्षरांत 'सगरमाथा'. आमच्या गटातल्या एका काकांनी पाटीवाल्याने काना खाल्ला म्हणून फोटोसुद्धा काढला! नेपाळीत सगर म्हणजे आकाश. आभाळाचा माथा. समुद्राचा काही संबंध नाही. टेथिस आणि चुनखडी खरी, पण ती त्या नावात तुम्ही घातली.

दुसरं, हे नाव तरी कितीसं जुनं? नेपाळचे इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी गेल्या शतकात ते पुढे आणलं, मग सरकारने उचललं. शेर्पांचं आणि तिबेट्यांचं नाव चोमोलुंग्मा. १७३३ मध्ये पॅरिसला छापलेल्या तिबेटच्या नकाशात त्याच्याशी जुळणारं नाव आहे, म्हणजे वॉला 'नाव सापडत नव्हतं' त्याच्या सव्वाशे वर्षं आधी. चोमो म्हणजे देवी. तेनसिंगच्या आईने मात्र त्याला अर्थ सांगितला होता, 'ज्याच्यावरून पक्षीही उडून जाऊ शकत नाही असा डोंगर'.

आमच्यासोबतचा शेर्पा दादा आमच्याशी बोलताना एव्हरेस्ट म्हणायचा, चौकीवर परवाना दाखवताना सगरमाथा, आणि नामचेला त्याच्या आईशी बोलला तेव्हा चोमोलुंग्मा. मी विचारलं, "दाजु, खरं नाव कोणतं?" त्याने माझ्या हातातला चहाचा पेला काढून घेतला आणि म्हणाला, थंड होतोय, आधी प्या.

पावशेर
घ्या! शिवी साहेबाला घातली आणि नाव नेपाळच्या सरकारी फायलीतून आणलं, तेही काना वाढवून. मग एव्हरेस्टने काय घोडं मारलंय?

बंड्या_सॅन_होजे
इकडचं ताजं उदाहरण सांगतो. अलास्कातलं ६१९० मीटरचं डेनाली. तिथल्या मूळच्या कोयुकॉन लोकांच्या भाषेत अर्थ साधारण 'उंच तो'. १८९६ मध्ये सोनं शोधणाऱ्या एकाने त्याला मॅकिन्ली हे नाव दिलं, कारण ओहायोचे मॅकिन्ली राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते आणि ते सोन्याच्या चलनाच्या बाजूचे. त्यांनी अलास्कात कधी पाऊल ठेवलं नाही. राज्याने १९७५ मध्ये डेनाली नाव परत मागितलं, तर ओहायोचे एक खासदार वर्षानुवर्षं अडवत राहिले. २०१५ ला ओबामांच्या काळात मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी आदेश काढून पुन्हा मॅकिन्ली केलं. भोवतीचं राष्ट्रीय उद्यान मात्र अजून डेनालीच. म्हणजे डेनाली उद्यानात जाऊन मॅकिन्ली पर्वत बघायचा.

जय_शिवराय_९६
आपल्याकडे अंदमानात माउंट हॅरिएटचं २०२१ मध्ये माउंट मणिपूर झालं. जुन्या वीसच्या नोटेवरची नारळाची झाडं आठवतात ना, तो देखावा तिथलाच. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या महाराजांना आणि त्यांच्या माणसांना तिथे काळ्या पाण्यावर ठेवलं होतं. हे योग्यच झालं की नाही?

नीरा
इंग्रज अधिकाऱ्याच्या हॅरिएट नावाच्या बायकोपेक्षा नक्कीच योग्य. पण अंदमानी लोक त्या डोंगराला काय म्हणायचे, हे तेव्हाही कोणी विचारलं नाही आणि २०२१ मध्येही नाही.

फणा
मी कुरवंड्याचा. खंडाळ्याजवळच्या ज्या सुळक्याला तुम्ही मुंबई-पुण्याचे ट्रेकर 'ड्यूक्स नोज' म्हणता, तो आमच्या गावाच्या डोक्यावर आहे. आमच्यासाठी ती नागफणी. ड्यूक म्हणजे वेलिंग्टन. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडणारा तो वेलस्ली हाच. त्याचं नाक म्हणे असं होतं. आणि मराठी पोरं मावळा छापलेले टी-शर्ट घालून येतात आणि आम्हालाच विचारतात, "काका, ड्यूक्स नोजला वाट कुठून?" मी मुद्दाम म्हणतो, माहीत नाही. नागफणी विचारली की बोट दाखवतो.

तेव्हा पावशेर, घोडं मारलं की नाही ते आम्हाला विचारा. आमच्याकडे नाव होतं, आहे, रोज वापरात आहे. तरी गूगलवर आधी नाक येतं.

पावशेर
फणा, तुमच्यापुढे हात जोडले. नागफणीसाठी मी तुमच्या बाजूने. पण ते आपलं घर आहे हो. नेपाळ-तिबेटमधल्या डोंगराला काय म्हणायचं ते आपण पुण्यात बसून ठरवणं म्हणजे पुन्हा त्या वॉसाहेबासारखंच झालं की.

आडवाट
सगळ्यांचे आभार. काना मागे घेतो आणि चुनखडीही. पावशेर, शेवटचा मुद्दा बिनतोड वाटला तरी अर्धाच आहे. एव्हरेस्ट हे नावही आपण ठरवलेलं नाही, बाहेरून आलेलं पाठ केलंय. मग तिथल्या माणसांनी ठेवलेलं पाठ करायला काय हरकत आहे? मी यापुढे चोमोलुंग्मा लिहीन, कंसात एव्हरेस्ट. कोणी हसलं तर आजोबांच्या गौरीशंकरासारखं सोसेन.

भाचीने चाचणीत तसंच लिहिलं, 'चोमोलुंग्मा (एव्हरेस्ट), ८८४८.८६ मीटर'. बाईंनी लाल शाईने गोल केला. नावाला नाही, उंचीला. म्हणे पुस्तकात ८८४८ आहे. नेपाळ-चीनने २०२० मध्ये मिळून जाहीर केलेला आकडा आहे हे त्यांना कोणी सांगायचं, मी की तिने?

पावशेर
तुम्हीच जा. आणि जाताना उच्चार 'ईव्हरेस्ट' करा, म्हणजे उरलेला मार्कही जाईल.