घरून ऑनलाइन काम हवंय, वेळ आहे पण तुकड्यातुकड्यांत

चारतास

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते आहे.

वडील दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, त्यामुळे माझा दिवसही दोन-दोन तासांच्या डब्यांत कापला गेलाय. नोकरी सोडावी लागली. त्याआधी अकरा वर्षं एका लहानशा कंपनीत हिशेब लिहायचे: बिलं, येणी-देणी, महिन्याअखेर बँकेशी ताळमेळ.

आता घरून काहीतरी करायचंय. फोनवर बोलण्याचं काम जमणार नाही, कारण बाबा मध्येच हाक मारतात आणि तेव्हा उठावंच लागतं. दोन्ही हातांनी, कीबोर्डकडे न बघता टाइप करता येतं. म्हणून टायपिंग किंवा डेटा एंट्री शोधत होते.

हात पोळून झालेत, तेही सांगते. एका ठिकाणी आधी नोंदणीचे पैसे भरून घेतले, मग स्कॅन केलेली धुरकट पानं टाइप करायला दिली. आठ रात्री जागून पूर्ण केली. त्यावर उत्तर आलं की अचूकता 98 टक्के भरत नाही, पैसे मिळणार नाहीत, उलट करार मोडला म्हणून तुम्हीच दंड भरा, नाहीतर वकिलाची नोटीस पाठवू. मी दोन दिवस जेवले नव्हते. दुसऱ्यांदा मोबाईलवर निरोप आला, हॉटेलांना पाच तारे द्या आणि पैसे मिळवा. पहिल्या दिवशी थोडे खरंच मिळाले! तिसऱ्या दिवशी ‘पुढचं काम उघडायला’ आधी रक्कम भरा म्हणाले, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

तर खरोखर पैसे देणारं टायपिंगचं काम कुठे मिळतं? रोजचे मिळून चार तास निघतील, पण सलग नाहीत.

बिनधास्त

ताई, टायपिंग सोडा, यूट्यूब चॅनल काढा. मोबाईल आहे ना? बास.

कानसेन

बिनधास्त, मोबाईल आहे म्हणून झालं नाही. जाहिरातींच्या पैशांत वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि गेल्या 12 महिन्यांत लोकांनी 4000 तास पाहिलेलं असावं लागतं. दहा मिनिटांचा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत 24,000 वेळा पाहिला गेला तर 4000 तास होतात. शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे, तिथे 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. हौस असेल तर जरूर करावं, पण यांना पैसे या महिन्यात हवेत.

चारतास, मी सहा वर्षं ट्रान्सक्रिप्शन करतोय, म्हणजे मुलाखती, बैठका, व्याख्यानं ऐकून लिहून काढायची. टायपिंगच्या नावाखाली खरं काम मिळतं ते बहुतेक हेच. आत काय आहे ते ऐका.

दर ध्वनिमुद्रणाच्या मिनिटावर असतो, तुमच्या कामाच्या मिनिटावर नाही. मेख इथे आहे. माझी पहिली फाइल एक तासाची होती. चार माणसं एकाच वेळी बोलत होती, त्यातला एक सारखा खोकत होता आणि माईक बहुधा पंख्याखाली ठेवलेला. मला नऊ तास लागले. तासाचा हिशेब केला आणि बायकोला सांगितलाच नाही. आता हात बसलाय, तरी स्वच्छ आवाजाच्या एका तासाला चार तास धरतोच. साधनांना फार खर्च नाही: ओट्रान्सक्राइब, म्हणजे ऐकता ऐकता टाइप करायची वेबसाइट, फुकट आहे, हेडफोन मात्र चांगला घ्यावा.

पण 2022 च्या सप्टेंबरात व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून आपोआप लिहून काढणारं यंत्र, आलं आणि धंद्याची चालच बदलली. आता यंत्राने लिहिलेला मजकूर तपासायला येतो आणि त्याचा दर कमी असतो. ‘नुसतं नजरेखालून घालायचंय’ असं सांगतात. कसलं नजरेखालून! ध्वनिमुद्रणात शांतता असली की यंत्र कधीकधी कोणी न उच्चारलेलं वाक्य स्वतःच्या पदरचं घालतं. कुठे ‘नाही’ गाळतं आणि माणूस नेमका उलट बोलल्यासारखा दिसतो. म्हणजे ऐकावं सगळंच लागतं. मी अजून टिकलोय ते न्यायवैद्यकीय विषयातले शब्द ओळखीचे झाले म्हणून. आज कोणी नव्याने यात उतरायचं म्हणालं तर मी हो म्हणणार नाही.

आणि खरं सांगू? टायपिंग येणारे पैशाला पासरी मिळतात. अकरा वर्षं ताळमेळ जमवलेली बाई टायपिंग का शोधतेय, हेच मला कळलं नाही.

चारतास

कारण जाहिरातींत तेच दिसतं. आणि हिशेबाच्या कामासाठी ऑफिसात जावं लागतं असंच डोक्यात होतं.

खतावणी

नाही लागत. मी सात वर्षांत माझ्या दोन ग्राहकांचा चेहराही पाहिलेला नाही.

कानसेन यांच्याशी सहमत. ‘घरबसल्या काम’ असं शोधलंत की तुम्हाला शोधणारेच भेटतात. त्याऐवजी जुन्या कंपनीच्या वहीत ज्यांची नावं रोज लिहायचात ते आठवा: माल देणारे, घेणारे, छपाईवाला, वाहतूकवाला. त्यातल्या निम्म्यांचे हिशेब तुंबलेले असतात, आणि तुमच्या नोंदी चोख असतात हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. पाच जणांना लिहा. ‘काही काम असेल तर कळवा’ असं मोघम नको. ‘मागचे तुंबलेले महिने लावून देते, मग दर महिन्याचं बघू’ असं नेमकं लिहा.

पहिलं काम गाळ उपसण्याचं असतं, त्याचा दर वेगळा ठरवा आणि अर्धे पैसे आधी घ्या. कागद किती आणि कसे आहेत ते पाहिल्याशिवाय आकडा बोलू नका, मी एकदा बोलले आणि तीन महिने फुकट राबले. बँकेचा पासवर्ड कोणी आपणहून दिला तरी घेऊ नका, विवरणपत्रांच्या, म्हणजे बँक स्टेटमेंटच्या, फायलीच मागा. उद्या रक्कम इकडची तिकडे झाली तर संशय पहिला तुमच्यावर येईल. संगणकावर त्यांच्या कामासाठी वेगळा युजर करा.

अपवर्क, फायवर वगैरे सुटी कामं मिळवून देणाऱ्या साइट्सवर ओळखी नसतानाही काम मिळतं, पण फायवर तुमच्या शंभरातले वीस कापून घेतं, हे दर लावतानाच धरायचं. तिथे ग्राहकाचे पैसे आधी साइटकडे जमा होतात, हा नवख्याला मोठा आधार. म्हणून ‘आपण बाहेरच व्यवहार करू’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं.

आता तुमच्या बाबतीतली खरी अडचण सांगते, आणि ती काम मिळण्याची नाही. महिनाअखेर सगळ्यांची एकाच दिवशी येते. चार ग्राहक घेतलेत तर पंचवीस दिवस निवांत आणि पाच दिवस झोप नाही. तुमच्या घरी ते चालणार नाही. एकाला पाच तारखेला, दुसऱ्याला बारा तारखेला असं आधीच बांधून घ्या. लहान धंदेवाल्याला तीन तारीख काय आणि बारा काय, बहुतेकदा फरक पडत नाही, फक्त विचारावं लागतं.

दोन तासांच्या तुकड्याला मात्र हे काम छान बसतं. ताळमेळ अर्धवट सोडून उठलात तरी खूण जिथल्या तिथे राहते.

चारतास

आणि बाबांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर?

खतावणी

दोन तारखेला होण्यासारखं असेल तर पाच तारीख सांगायची. आणि घरची परिस्थिती पहिल्याच बोलण्यात सांगून टाका, लपवू नका. ज्याला चालणार नाही तो तेव्हाच जाईल.

बिनधास्त

बरं, यूट्यूब मागे घेतो. 😀

चारतास

सोळा दिवसांनी लिहिते आहे. पाच जणांना लिहिलं होतं. दोघांनी उत्तर दिलं नाही, एकाने ‘मुलगा बघतो’ म्हणून कळवलं, एक विचार करतोय. पाचव्याने, आमच्याकडे खोकी पुरवायचा त्याने, सात महिन्यांची विवरणपत्रं पाठवली. फायली नव्हेत, कागदांचे मोबाईलवर काढलेले फोटो, त्यातले चार उलटे. खतावणीताई, आधी फोटो पाहिले आणि मगच आकडा बोलले. अर्धे पैसे आलेत.

चार महिन्यांचा ताळमेळ जुळला, पाचव्या महिन्यात 90 चा फरक येत होता. दोन डबे त्यातच गेले. मग आठवलं, फरकाला नवाने भाग जातो म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल असण्याचा संभव. रात्री साडेअकराला सापडलं, 5430 च्या जागी 5340 लिहिलेलं. मोठ्याने ‘हां!’ म्हणाले तर आतून बाबांनी विचारलं, काय गं, जुळलं का?