जीपीएस बंद केल्याने भागत नाही

जीपीएस बंद ठेवलं की आपला ठावठिकाणा कुणाला कळत नाही, हे मत मला पटत नाही. फोन टॉवरशी जोडलेलाच असतो, आसपासचे वायफाय आणि ब्लूटूथही टिपू शकतो. जागेचा अंदाज तेवढ्यावरूनही निघतो. ‘लोकेशन हिस्टरी’ (आपण कुठे कुठे गेलो याची नोंद) बंद केली तरी गूगल दुसऱ्या एका सेटिंगमधून जागा साठवत होतं, हे २०१८ मध्ये उघड झालं. याच प्रकरणी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी तडजोड करताना गूगलला ३९ कोटी १५ लाख डॉलर मोजावे लागले.

आमच्या रावेर-यावलकडे केळीचे भाव, हवामान, फवारणी, सगळ्याला अ‍ॅप आहे. हवामानासाठी गाव कळलं तरी पुरे. पण भाव दाखवणाऱ्या अ‍ॅपला रात्रंदिवस लोकेशन कशाला हवं? माणूस कोणत्या दवाखान्यात गेला, कुणाच्या घरी थांबला, हे त्यातून कळतं. मला याचा खरोखर संताप येतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय.

अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला नेमक्या जागेऐवजी अंदाजे जागा देता येते. परवानगीही ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढीच ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्येही हे एकदा बसून करून द्या.