बर्फाचं भूत कसं करायचं? जानेवारीत गुलमर्गला जातोय, सल्ला हवा

कोथरूडची_आई
जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गुलमर्ग. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६. गाजराच्या नाकाचा गोडगोड स्नोमॅन दोघांनाही नकोय, 'बघून लोक घाबरले पाहिजेत' अशी अट आहे. (दिवाळीत किल्ल्यावर मावळ्यांशेजारी डायनासोर ठेवणारी कार्टी ही.) दोन वर्षांपूर्वी मनालीजवळ सोलंगला प्रयत्न केला होता. तासभर खपलो, गोळा काही वळेना, शेवटी पिठाचा ढीग करून परतलो. काय चुकलं असेल? आणि पुण्यातून काय न्यावं? बॅगेत जागा कमी, नवरा आत्ताच कुरकुरतोय.

शेंडीवाला_मुंजा
तुमचं काही चुकलं नाही, बर्फ कोरडा होता. कडाक्याच्या थंडीत पडलेला ताजा बर्फ म्हणजे तूप कमी पडलेला रव्याचा लाडू. तापमान शून्याच्या आसपास आलं, बर्फ किंचित ओलसर झाला, की मग वळतो. मूठभर घेऊन दाबून बघा. गोळा टिकला तर कामाला लागा, भुगा झाला तर चहा प्या आणि दुपारच्या उन्हाची वाट बघा.

एक सांगून ठेवतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथे 'चिल्लई कलां', म्हणजे सगळ्यात कडक थंडी. तुम्ही ऐन मध्यात जाताय. तो भुसभुशीत बर्फ स्कीवाल्यांना सोन्यासारखा, तुम्हाला शत्रू.

किल्लेदार_सदाशिव
गोळे वळायचेच कशाला? दिवाळीचा किल्ला आपण गोळे वळून करतो का? ढीग करा, पायाने तुडवून घट्ट करा आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नका. दाबलेल्या बर्फाचे कण आपोआप एकमेकांना धरतात, मग तो कापता येतो. कोरड्या बर्फालाही हे चालतं, फक्त जास्त वेळ थांबावं लागतं. कोरायला जुनं उलथनं आणि स्टीलचा चमचा पुरे. वरून खाली या, नाहीतर डोक्याचा चुरा तयार पोटावर पडतो.

आता भीतीचं. पांढऱ्यावर पांढरं असल्यामुळे बारीक नक्षी दिसतच नाही. भूत दिसतं ते सावलीमुळे. म्हणून भुवया चांगल्या चार बोटं पुढे काढा आणि डोळ्यांची खोबण मनगटापर्यंत खोल करा. खोबणीत कोळसे ठेवा. काळा रंग ऊन शोषतो, कोळसा तापून हळूहळू आत रुततो आणि दुसऱ्या दिवशी डोळे आणखी खोल गेलेले असतात. माझ्या भाचीने ते बघून हॉटेलबाहेर यायलाच नकार दिला होता. कोळसे इथून नेऊ नका, तिथे कांगडीतले (ऊब घ्यायची तिथली छोटी शेगडी) विझलेले मागा. अंधार पडला की डोक्यामागून भोक पाडून आत छोटी विजेरी.

टेकडीवरचा
वेताळ करा! काठी, मोठ्ठं डोकं, काम सोपं.

शेंडीवाला_मुंजा
वेताळ नको हो. आपल्या पुण्यातल्या टेकडीवर देऊळ आहे त्याचं, लोक नारळ वाहतात. माझी आजी असती तर तुम्हाला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. हडळ करा. सूचिपर्णी झाडांच्या वाळक्या काटक्यांची बोटं, मोकळे केस आणि पावलं उलटी. शिवाय आजूबाजूला उलट्या पावलांचे ठसे उमटवून ठेवा, मुलं त्यातच दोन तास रमतील.

भाजीत_मीठ_जास्त
रंगासाठी मिठाच्या पाण्यात कालवलेला रंग वापरू नका. आमच्या शहाण्या दिराने 'रंग पक्का बसेल' म्हणून वापरला. मिठाने बर्फ वितळतो, राक्षसाचा जबडा अर्ध्या तासात गळून पडला. खाण्याचा रंग साध्या पाण्यात, फवाऱ्याच्या बाटलीतून, थोडाच. तोंडातून ओघळणारा लाल रंग पुरे, सगळं अंग रंगवलं की होळी वाटते. दातांना छपराच्या कडेचे बर्फाचे सुळे छान, पण ते खाली पडलेलेच उचला. लटकत्या सुळ्यांखाली मुलांना फिरकू देऊ नका.

आणि लोकरीचे हातमोजे भिजतात, बोटं बधिर होतात. त्यावरून भांडी घासायचे रबरी मोजे चढवा. मुलांच्या मापाचे मिळाले नाहीत तर मनगटाला रबरबँड.

कोथरूडची_आई
हडळ पक्की! लेकीने आत्ताच वहीत पावलं उलटी काढली. मुलगा म्हणतोय हडळीशेजारी तिचं बाळ पण हवं. उलथनं, दोन चमचे, रबरी मोजे, लाल रंग, विजेरी. नवऱ्याला यादी दाखवली, उलथन्यावर त्याची नजर अडकलीये.

किल्लेदार_सदाशिव
उलथनं हातातल्या बॅगेत ठेवू नका, खाली देण्याच्या बॅगेत टाका. विमानतळावर 'हडळ कोरायला' हे उत्तर चालत नाही. बाळ आधी करा. सराव होतो, आणि बिघडलं तर बाळ कसंही दिसलं तरी चालतं.