मुलांबरोबर फिरताना काय काय खाल्लंत? (अनुभव धागा)

सुट्टीचे बेत ठरायला लागले की विमान, हॉटेल, व्हिसा यावर सगळे भरभरून बोलतात. पोरं तिथे खाणार काय, हा प्रश्न मात्र निघायच्या आदल्या रात्री बॅगेत खाऊचे पुडे कोंबताना आठवतो. म्हणून हा धागा. "आमचं बाळ सगळं खातं" हे कौतुक दोन ओळींत आटपा. मूल कुठे अडलं, कशाने तोंड उघडलं, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. "एकदा चाखून तर बघ" या वाक्याने आजवर कुठलंही मूल जेवलेलं नाही, असं माझं मत आहे. त्याच्या हाताला काम दिलं की जेवतं. माझा मुलगा नवा पदार्थ दिसला की ताट सरकवणारा. जपानमध्ये फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या दुकानात गेलो. (बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा बघून एकाला ही कल्पना सुचली आणि 1958 मध्ये ओसाकाजवळ असं पहिलं दुकान निघालं.) बशीच्या रंगावरून किंमत ठरते हे कळल्याबरोबर हिशेब त्याने स्वतःकडे घेतला. येणाऱ्या बश्यांवर डोळा, रिकाम्या बश्या रंगाप्रमाणे रचायच्या, आणि या भानगडीत गोडसर अंड्याची, काकडीची, मक्याची सुशी पोटात कधी गेली त्यालाही कळलं नाही. कच्च्या माशाला हात लावला नाही. न लावो.

आता तुम्ही लिहा.

— दोन मुलींचा बाबा

हाताला काम, याला शंभर टक्के अनुमोदन. आमचा पुरावा जॉर्जियाचा. तिबिलिसीत खिंकाली खाल्ली, म्हणजे मोदकासारखी पिठाची पुरचुंडी. वर चुण्या घालून जाड देठ काढलेला, आत खिमा आणि उकळता रस्सा. काटा लावायचा नाही, नाहीतर रस्सा ताटात सांडून जातो. देठाला धरून उलटं करायचं, कडेला लहानसा चावा घ्यायचा, आधी रस्सा ओढून घ्यायचा आणि मग बाकीचं खायचं. पिठूळ देठ खात नाहीत, ताटातच ठेवतात. शेवटी देठ मोजले की कोणी किती हाणल्या ते कळतं.

धाकटीचा पहिला रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत गेला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी काही न बोलता स्वतःची एक खिंकाली उचलून तिला हळूहळू करून दाखवली. त्यानंतर तिने थोरलीला धडे दिले. खिमा नको असेल तर बटाट्याची, चीजची, मश्रूमचीही मिळते, पण त्यात रस्सा नसतो, म्हणजे खरी गंमतच नाही.

— शाकाहारी कुटुंब

आम्ही चौघंही शाकाहारी, म्हणून जरा लांबण लावते.

जपानमध्ये "मांस नको" सांगून भागत नाही. तिथे बहुतेक सूप, नूडल्सचं पाणी, भाज्यांचा रस्सासुद्धा दाशीवर बेतलेला असतो आणि नेहमीची दाशी म्हणजे वाळवून किसलेला बोनिटो मासा आणि कोंबू शेवाळ यांचा अर्क. डोळ्यांना काहीच दिसत नाही. आम्ही बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणाऱ्या जागा आधी शोधून ठेवल्या. तिथे दाशीसुद्धा कोंबू आणि शिताके मश्रूमची असते. इटलीतही एक ध्यानात ठेवा, पार्मेजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध फाडणारं रेनेट असतं.

पण ज्या देशाची सगळ्यात धास्ती घेतली होती, त्या इथिओपियात आम्ही राजासारखे जेवलो. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरआधीचे कित्येक आठवडे मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्यामुळे अदिस अबाबात "ये-त्सोम बेयायनेतू", म्हणजे उपासाचं मिश्र ताट, म्हटलं की काम झालं. परातीएवढी इंजेरा (टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी) येते आणि तिच्यावर मसूर, चण्याच्या पिठाचा शिरो, पालेभाजी, बीट असे ढीग. चमचा नाही. कडेचा तुकडा तोडायचा आणि त्यातच उचलून खायचं. मुलांसाठी तिखट नको असेल तर हळद घातलेले पिवळे "अलिचा" प्रकार मागा. लाल दिसतं त्यात बर्बेरे मसाला, तो डोळ्यांतून पाणी काढतो.

आणि गुर्शा! आपल्या हाताने दुसऱ्याला मोठा घास भरवायचा, हा तिथला जिव्हाळा. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी माझ्या सात वर्षांच्या, तोंड घट्ट मिटून बसणाऱ्या मुलीपुढे घास धरला. माझ्याकडे एक नजर, बाईंकडे एक, आणि आ! मी इतकी वर्षं काय करत होते देव जाणे.

— उगाच ताण घेऊ नका

विरोधी सूर लावतो. आमच्या चिरंजीवांनी अख्खं बेल्जियम फ्राईजवर काढलं. तिथे बटाटा दोनदा तळतात, आधी मंद तेलात आणि मग कडक. सॉसचे पर्यायच इतके की रोज एक नवा चाखला. पोरगं हसतखेळत होतं, आम्ही शांतपणे जेवलो.

— नातवाची आजी

सूनबाईंनी हा धागा दाखवला. सिंगापूरला मुलाकडे गेले होते, तेव्हा माझं आणि नातवाचं काम एकच, टेबल धरणे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली. कोणी हलवत नाही. मला खोटं वाटलं होतं, पण खरंच कोणी हलवत नाही. मग मुलगा-सून वेगवेगळ्या रांगांत उभे राहायचे. एका गाळ्यात बहुधा एक-दोनच पदार्थ, आणि करणारा वर्षानुवर्षं तेच करत आलेला. या खाद्यसंस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली म्हणे. मिळायलाच हवी.

आम्हा दोघांना पोपियाचा, म्हणजे सारण भरलेल्या पातळ पोळीच्या गुंडाळीचा, गाळा फार आवडे. पोपियावाला ओल्या, लिबलिबीत कणकेचा गोळा हातातच खालीवर झुलवत ठेवी, जरा थांबला तर बोटांतून खाली ओघळला असता. तापल्या तव्यावर तो गोळा गोल फिरवून टेकवायचा आणि लगेच उचलायचा. तव्यावर कागदापेक्षा पातळ पापुद्रा राही, क्षणात कडा सुटत. नातू खांबाला टेकून किती वेळ बघत बसे. आत शिजवलेल्या कंदाचा कीस, अंडं, शेंगदाण्याचा कूट. एरवी भाजी निवडून बाजूला काढणारा मुलगा ते सगळं न उलगडता खाई.

जेवून झालं की ट्रे रॅकवर नेऊन ठेवायचा. 2021 पासून ते सक्तीचं आहे. हे काम तो कोणालाही करू देत नसे. पुढे घरीही ताट उचलायला लागला. तेवढ्यासाठी तरी तिकिटाचे पैसे वसूल.

— शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची आई

आजी, तुमचं वर्णन वाचताना तोंडाला पाणी सुटलं आणि कुटापाशी काळजात धस्स झालं. माझ्यासारखे पालक इथे असतीलच, त्यांच्यासाठी थोडं रुक्ष लिहिते.

युरोपियन युनियनच्या देशांत 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. 2014 च्या डिसेंबरपासून सुट्या, न पॅक केलेल्या पदार्थांनाही हा नियम लागू आहे, त्यामुळे रेस्टॉरंटात बिनधास्त विचारा. जपानमध्ये पाकिटांवर शेंगदाणा आणि बकव्हीट (कुट्टू) लिहिणं सक्तीचं आहे, पण रेस्टॉरंटांना ती सक्ती नाही. थायलंडमध्ये पदार्थात दाणे नसले तरी कढई तीच असते. स्थानिक भाषेत छापलेलं कार्ड द्यायचं, आणि ते वेटरने नव्हे तर आचाऱ्याने वाचायला हवं. अ‍ॅड्रेनलीनची पेनं (अ‍ॅलर्जीच्या झटक्यात टोचायची इंजेक्शनं) जोडीने, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. सामानात कधीही नाही.

कार्ड आता मुलगा स्वतः दाखवतो. आचाऱ्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतो आणि आम्हाला सांगतो, "यांना कळलंय" किंवा "इथे नको." दुसरं आलं की आम्ही मुकाट्याने उठतो.

— आईच्या आयडीवरून, वय 14

फिनलंडचं साल्मियाक्की कोणी खाल्लंय का? काळी गोळी असते, तिच्यात अमोनियम क्लोराईड असतं. हो, केमिस्ट्रीच्या लॅबमधलं. खारट, कडू आणि नाकात झणझणतं. तिथली छोटी पोरं पाकीटच्या पाकीट संपवतात. मी बाबांना चॉकलेट आहे सांगून दिली. व्हिडिओ आहे, पण आई टाकू देत नाहीये.

— भुकेल्या पोरांचे पालक

स्पेनला जाणाऱ्यांनो, तिथे रात्रीचं जेवण नऊनंतर. सातला रेस्टॉरंटची किचनं बंद असतात आणि पोरं रस्त्यात भोकाड पसरतात. तिथल्यासारखं वागा: दुपारी दोन-तीनला पोटभर जेवण, सहाच्या सुमारास मेरिएंदा म्हणजे पाव, फळ, दूध असं काहीतरी. रात्री तोर्तियाचा, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटचा, तुकडा पुरतो.

— भूगोलप्रेमी

आइसलंडमध्ये लौगारवात्न तळ्याकाठी ब्रेड जमिनीत भाजतात. राय या धान्याचं पीठ, साखर, दूध वगैरे भांड्यात घालून, भांडं घट्ट गुंडाळून तळ्याच्या काठच्या काळ्या वाळूत पुरतात आणि 24 तासांनी काढतात. खाली पाणी उकळत असतं. फावडं टेकलं की खड्ड्यातून वाफ आणि बुडबुडे. काढलेलं भांडं तिथेच तळ्याच्या गार पाण्यात धरतात. ब्रेड दाट, तपकिरी, गोडसर, वर बोटभर लोणी. मुलाने ज्वालामुखीवरचे सगळे प्रश्न तिथेच विचारून घेतले. ब्रेड संपेपर्यंत, मग गप्प.

— कुठेही न गेलेली

आमचा अजून कुठेच प्रवास झालेला नाही, तरी लिहिते आहे. आम्ही शनिवारी नकाशावर बोट ठेवून एक देश निवडतो आणि तिथलं काहीतरी करतो. लेकीला कळलं की बटाटा अँडीजचा, टोमॅटो आणि मिरचीही अमेरिका खंडातून आलेली, कोलंबसाच्या सफरींनंतर बाकीच्या जगाला माहीत झालेली. "मग त्याआधी इटलीत सॉस कशाचा करायचे?" यावर आम्ही आठवडाभर वाचत होतो.

इथिओपियावाल्या ताई, आता तुमच्यासाठी प्रश्न. इंजेरासाठी टेफचं पीठ मिळालंय, भिजवून आंबवलं, तर वर पिवळसर पाणी साठलंय. ओतून देऊ का?

— शाकाहारी कुटुंब

थांबा, सगळं फेकू नका! ते एर्शो. थोडं बरणीत काढून ठेवा, पुढच्या खेपेला तेच विरजण. मग आंबलेल्या पिठातलं थोडं पाण्यात शिजवून, गार करून परत त्यात मिसळा आणि पुन्हा फुगू द्या. त्याने जाळी चांगली पडते. तव्यावर बाहेरून आत गोल ओता, भोकं पडली की झाकण ठेवा. उलटायचं नाही. झाकण कधी काढायचं ते लेकीला ठरवू दे.