खास सिमेंटला आयएसआयची सक्ती हवीच का?

सांगलीकर_सिव्हिल:
परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की साध्या सिमेंटचं ठीक आहे, पण एसआरसी म्हणजे सल्फेट रोधक सिमेंटसारख्या कमी खपाच्या मालाला आयएसआय मार्कची सक्ती कशाला, घेणारा इंजिनिअरच असतो, त्याला कळतं. मला हे अजिबात पटत नाही. सक्ती सगळ्यात जास्त इथेच हवी. साधं सिमेंट खराब निघालं तर २८ दिवसांत क्यूब (दाबून ताकद बघायचे काँक्रीटचे ठोकळे) सांगतात. एसआरसीचं तसं नाही. आयएस १२३३० या भारतीय स्टँडर्डप्रमाणे त्यात सी-थ्री-ए (सिमेंटमधला एक अ‍ॅल्युमिनेट घटक) ५ टक्क्यांच्या आत लागतं, कारण जमिनीतलं सल्फेट त्याच्याशीच रिअ‍ॅक्ट होऊन काँक्रीट फुगवतं आणि तडे पाडतं. आता कुणी ८ टक्केवालं साधं सिमेंट एसआरसीच्या गोणीत भरून दिलं तर दिसायला तेच, सेटिंग तेच, २८ दिवसांची ३३ एमपीए (ताकदीचं एकक) ताकद तर आरामात पास, मग चोपण जमिनीत पाया भरणाऱ्याने पकडायचं कसं? लॅबमध्ये केमिकल अ‍ॅनालिसिस केल्याशिवाय कळणारच नाही, आणि पाया खराब होतोय हे दिसतं तेव्हा वर घर उभं असतं. २००३ च्या सिमेंट क्वालिटी कंट्रोल ऑर्डरमध्ये, म्हणजे ही सक्ती आणणाऱ्या सरकारी आदेशात, एसआरसी आहे ते बरोबरच आहे.

भट्टीवाला:
एकच बाजू सांगताय. मी ग्राइंडिंग युनिटमध्ये, म्हणजे सिमेंट दळणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. मार्कचं लायसन्स प्रत्येक स्टँडर्डचं वेगळं, पीपीसीचं (पोझोलाना मिसळलेल्या नेहमीच्या सिमेंटचं) आहे म्हणून एसआरसी पॅक करता येत नाही. परत त्याची फी, सॅम्पल, रेकॉर्ड, आणि वर्षाला माल निघणार किती? म्हणून लहान युनिट त्यात पडतच नाही. बनवणारे मोजकेच उरतात, ते फुल ट्रकची ऑर्डर मागतात आणि बंगल्याच्या पायापुरत्या गोण्या हव्या असलेल्या माणसाला डीलर सरळ सांगतो, येत नाही, पीपीसी घेऊन जा. अहो, मग त्या माणसाला सक्तीचा फायदा काय झाला?

सांगलीकर_सिव्हिल:
फीचं म्हणाल तर लहान उद्योगांना सवलत आहे, अजून द्या, माझी ना नाही. पण टेस्टिंग सोडू नका. माल मिळाला नाही तर माणूस निदान दुसरीकडे चौकशी करतो, डिझाइन बदलून घेतो. खोटा मिळाला तर तो निर्धास्त राहतो.

खाडीकाठी:
मार्क खरा असून घात होतो त्याचं काय? इकडे कोकणात खारी हवा, खारं पाणी म्हणून लोक एसआरसी शोधत फिरतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेटबरोबर क्लोराइडही असतं ना. तुम्ही जे सी-थ्री-ए कमी करायला सांगताय तेच क्लोराइडला धरून ठेवतं, ते कमी झालं की क्लोराइड मोकळं राहतं आणि सळईपर्यंत जातं, मग गंज, मग स्लॅबखालचे पोपडे. इथे स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेलं) बरं, आयएस ४५५ वालं. गोणीवर आयएस नंबर असतो, मार्क असतो, पण हा माल कुठे वापरू नये हे मराठीत ठळक छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही. सक्ती करायची तर याची करा आधी.

क्लिंकर_कमी:
आणि नवीन सिमेंटचं? एलसी-थ्री घ्या, भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल) जवळपास निम्म्यावर येतं, म्हणजे कार्बनही बराच कमी. आपल्याच आयआयटीत वर्षानुवर्षं काम झालंय त्यावर, तरी आयएस १८१८९ आलं २०२३ मध्ये. स्टँडर्ड नाही तर लायसन्स नाही, लायसन्स नाही तर विक्री नाही. इतकी वर्षं वाया गेली.

सांगलीकर_सिव्हिल:
वाया नाही म्हणणार मी. इंग्लंडमध्ये हाय अ‍ॅल्युमिना सिमेंट झटपट ताकद येते म्हणून बीममध्ये भरपूर वापरलं. पुढे ऊब आणि ओल मिळाली की आतली रचना बदलून ताकद उतरते, आणि १९७४ ला लंडनमध्ये स्टेपनीच्या एका शाळेत स्विमिंग पूलचं छत कोसळलं. नव्या मालाला वेळ द्यावाच लागतो.

क्लिंकर_कमी:
पण त्या सिमेंटला ब्रिटिश स्टँडर्ड होतंच की! तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय.

सांगलीकर_सिव्हिल:
होतं, आणि म्हणूनच म्हणतो की स्टँडर्ड वेळोवेळी तपासून बदलावं. काढून टाकल्याने ते छत वाचलं नसतं. बाकी ज्यांचं काम आत्ता चालू आहे त्यांनी एवढं तरी करा, गोणीवरचा सीएम/एल नंबर (लायसन्स नंबर) आयएसआय मार्क देणाऱ्या बीआयएसच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून लायसन्स चालू आहे का बघा, ते १२३३० चंच आहे ना हे बघा, आणि कंपनीच्या टेस्ट सर्टिफिकेटमध्ये सी-थ्री-ए चा आकडा त्याच आठवड्याच्या मालाचा आहे का ते जुळवा. आठवडा गोणीवर छापलेला असतो.

भट्टीवाला:
सर्टिफिकेट मोठ्या साईटला मिळतं हो. चाळीस गोण्या घेणाऱ्याने मागितलं तर डीलर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. दुकानातून सुटी गोणी घेणाऱ्यालाही ते दिलंच पाहिजे असा नियम आणा, मग सक्तीच्या बाजूने मीसुद्धा बोलेन.